तेंदूझरीची तेवीस मतं

माणूस मेला तर खांदा द्यायला चार लोक येतात. मतदारसंघ मेला तर कोणी येत नाही. तहसील कचेरीच्या फळ्यावर एक यादी लागते आणि तिच्यात त्याचं नाव नसतं, एवढंच. तेंदूझरी विधानसभा मतदारसंघ असाच मेला, आणि त्याचं सुतक धरलं ते एकट्या डोमाने.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. धानाची कापणी अर्धी झाली होती. आंबागडच्या डोंगराखालच्या कोसमटोल्याचा डोमा कचेरीच्या फळ्यासमोर उभा राहून यादी वाचत होता. वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग बोट लावून एकेक ओळ वाचली. मग आत जाऊन कारकुनाला म्हणाला, "बाबूजी, यादीत तेंदूझरी लिवाची राहून गेली."

"राहिली नाही, काढली," कारकून मान वर न करता म्हणाला. "नव्या हद्दी पडल्या. तुझं गाव कोणतं?"

"कोसमटोला."

"ते आता इकडे आलं. चिखला तिकडे गेला. बाकीची गावं तिसरीकडे."

"मंग तेंदूझरीची निवडणूक कवा होईल?"

कारकुनाने आता मान वर केली. वेड्याकडे बघावं तसं त्याने डोमाकडे बघितलं. "जे नाहीच, त्याची निवडणूक कशी होईल बाबा?"

डोमा बाहेर येऊन पायरीवर बसला. तेंदूझरी काही त्याच्या बापाची जहागीर नव्हती. त्याच्या वाट्याला दोन एकर धानाची बांधी आणि झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्याची कला, एवढंच आलं होतं. पण त्या मतदारसंघात त्याला एक गोष्ट दुरुस्त करायची होती. पाच वर्षं तो त्या एकाच दिवसाची वाट बघत होता, आणि आता तो दिवस कधीच उगवणार नव्हता.

काय दुरुस्त करायचं होतं, ते समजायला कोसमटोल्याच्या बुद्धविहाराची मागची भिंत बघावी लागेल.

त्या भिंतीवर डोमाने तेंदूझरीचा सगळा इतिहास लिहून ठेवला होता. चौथी शिकलेला माणूस, पण अक्षर असं की शाळेचे गुरुजी सहीसुद्धा त्याच्याकडून गिरवून घेतील. पांढऱ्या चुन्यावर गेरूचे रकाने आणि त्यात काजळीने लिहिलेलं: साल, उमेदवार, मतं, फरक. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी विहाराला चुना मारला जायचा. पोरं डोमाचे आकडे सोडून बाकी भिंत पांढरी करायची, आणि डोमा आपली जुनी अक्षरं पुन्हा गिरवून ताजी करायचा.

पहिली ओळ बासष्ट सालची. राइस मिलवाला बाबुलाल, चौदा हजार तीनशे दहा. यादोराव, अकरा हजार नऊशे चार. फरक दोन हजार चारशे सहा. दुसरी ओळ सदुसष्टची. तेच दोघं, पण फरक अकराशे चार.

हे यादोराव म्हणजे चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत हजेरी मांडणारे बाबू. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, परत आल्यावर खाणीतल्या मजुरांसाठी भांडले आणि शेवटी नोकरीवर पाणी सोडून निवडणुकीला उभे राहिले. पदरचं होतं ते दोन निवडणुकांत गेलं. बायको, सुलोचनाबाई, विड्या वळून घर चालवायची. पण यादोरावांची मान कधी खाली गेली नाही. डोमा त्यांना दादा म्हणायचा आणि दादांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर फक्त कोणत्या विहिरीत, एवढंच विचारलं असतं.

बाहत्तर साल आलं तेव्हा डोमाने भिंतीसमोर बसून गणित मांडलं. पाच वर्षांत फरक तेराशे दोनने घटला. आणखी पाच वर्षांत तेवढाच घटला, तर अकराशे चार फिटून वर एकशे अठ्ठ्याण्णव उरतात. म्हणजे दादा दोनशे मतांनी निवडून आले. गणितात खोट नव्हती. गावोगाव त्याने हेच सांगितलं आणि दादांच्या शिडीच्या चिन्हाने भिंती भरून टाकल्या. आपलं लिहिलेलं आपल्यालाच खरं वाटायला लागतं, हा अक्षर चांगलं असणाऱ्या माणसांचा जुना रोग आहे.

मतदानाच्या आदल्या दिवशी सांजेला त्याची बायको तुळसा चुलीजवळ टोपली सारवत होती. त्या वर्षी मोह लवकर गळायला लागला होता. मोहाचं फूल पहाटे गळतं. त्या दिवशी वेचलं तर आपलं, नाही तर रानडुकराचं आणि अस्वलाचं. पंधरा-वीस दिवसांत वेचून वाळवलेला मोह भर पावसाळ्यात घर चालवतो.

"उद्या मत हाये ना," तुळसा म्हणाली. "बाया इचारून राहिल्या, मोहाले जावं का नाई?"

डोमा शिडीच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधत होता. "जा ना. बारा वाजेतो या अन् मंग मत टाका. पेटी काई पळून नाई जात."

"सारं गाव आधी मत टाका म्हणते."

"दोनशेनं येऊन राहिले दादा. तुमच्या वीस-बावीस मतांनं काय अडते? मोह कायले बुडवता?"

तुळसाने घरोघर निरोप दिला, आणि अंधारातच तेवीस बाया डोंगराकडे गेल्या.

बारा वाजले, दोन वाजले. डोमा शाळेतल्या मतदान केंद्रात एजंट म्हणून बाकावर बसून होता. त्याला जागचं हलता येत नव्हतं. चार वाजता त्याने खिडकीतून बघायला सुरुवात केली. पाच वाजता केंद्राच्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि दार लावायला सांगितलं. "साहेब, आमच्या बाया येऊन राहिल्या," डोमा म्हणाला. साहेब म्हणाले, "दारात उभ्या आहेत का? नाहीत ना?" कायदा त्यांच्या बाजूने होता. दार लागलं.

बाया आल्या तेव्हा पाचवर दहा मिनिटं झाली होती. डोक्यावर भरल्या टोपल्या, पाय काट्यांनी फाटलेले. येताना पायवाटेवरच्या मोहाखाली अस्वल बसलं होतं, सोबत दोन पिल्लं. पिल्लांवाली अस्वलीण माणसाला जिवंत सोडत नाही. दोन तास बाया खडकामागे दम धरून बसल्या आणि मग नाल्यानाल्याने सगळा डोंगर वळसा घालून आल्या. पंचफुला नावाची बाई सगळ्यांत पुढे होती. तिने टोपली खाली ठेवली आणि लागलेल्या दारावर दोन वेळा हात मारला. मग सगळ्या घरी गेल्या.

दोन दिवसांनी मोजणी झाली. बाबुलाल, अठरा हजार चारशे सत्तेचाळीस. यादोराव, अठरा हजार चारशे अठ्ठावीस. फरक एकोणीस.

एकोणीस. आणि बाया तेवीस. चार मतांनी जिंकलेली निवडणूक डोमाने टोपलीत घालून डोंगरावर पाठवली होती.

त्याच वेळी त्याने तोंड उघडलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आठ दिवसांनी चिखल्याला सभा झाली आणि यादोराव बोलायला उभे राहिले. तोवर बाबुलालच्या माणसांनी सगळीकडे उठवून दिलं होतं, की कोसमटोल्याच्या बायांना पातळं वाटली म्हणून त्या जंगलात जाऊन बसल्या. अस्वलाची गोष्ट कोणी ऐकून घेतली नाही. उलट बाजारात लोक विचारायचे, "अस्वलाले पण पातळ भेटलं का?"

"बाबुलालच्या पैशानं मले नाई हरवलं," यादोराव म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "मले माह्या घरच्यांनं हरवलं. पातळासाठी ज्या बाया मत सोडतात, त्यांच्या गावात मी यापुढं पाय नाई ठेवत."

डोमा पहिल्या रांगेत बसला होता. उठून उभं राहायला एक पळ पुरे होतं. दादा, बाया विकल्या गेल्या नाहीत, मीच पाठवल्या, एवढी दोन वाक्यं. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मनाशी म्हणाला, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी तेंदूझरी जिंकून देतो, गुलालात दादांचे पाय धरतो आणि मग सांगतो. जिंकलेल्या माणसाला माफ करणं सोपं जातं.

भिंतीवर त्याने बाहत्तरची ओळ लिहिली आणि तिच्याखाली आणखी एक रिकामा रकाना आखून ठेवला.

तुळसा त्यानंतर मोहाला कधीच गेली नाही. डोमाने एकदा विचारलं तर म्हणाली, "कंबर दुखते." टोल्यातल्या बाया तिच्याशी तुटक वागायला लागल्या. विहिरीवर ती आली की बोलणं थांबायचं. पंचफुला तर तिच्या दारावरून जाताना पदर पुढे ओढून घ्यायची. काहून असं, हे डोमाने विचारलं नाही. ज्याला उत्तराची भीती असते, तो प्रश्नाच्या वाटेला जात नाही. एकदा, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, तुळसा बहिणीकडे जाते म्हणून भल्या पहाटे निघाली आणि त्याच दिवशी सांजेला परत आली. ओठ फुटले होते. माठातलं दोन तांबे पाणी उभ्यानेच प्यायली.

"बहीण भेटली का?" डोमाने विचारलं.

"भेटली," तुळसा म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.

पुढची निवडणूक सत्त्याहत्तरला व्हायला हवी होती. आणीबाणी आली, तारीख पुढे ढकलली गेली. डोमा दरवर्षी रिकामा रकाना गेरूने ताजा करत राहिला. आणि मग कचेरीतल्या फळ्यावर ती यादी लागली.

घरी येऊन त्याने तुळसाला सांगितलं, "तेंदूझरी नाई राहिली."

"म्हणजे काय झालं?"

"काटून टाकली. दादा एकीकडं, आपण दुसरीकडं. आता मी दादाले मत देतो म्हटलं तरी नाई देऊ शकत."

तुळसाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मंग आता सांगून टाका ना त्याईले."

बाहत्तरपासून त्या दोघांत ही गोष्ट पहिल्यांदा उच्चारली गेली. डोमा उठून बांधीकडे निघून गेला. तिला त्याच्या मनातलं सगळं माहीत आहे, हे त्याला सहन झालं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत कोसमटोल्यात अनोळखी माणसांच्या जीपा आल्या. डोमाला कोणी हाक मारली नाही. यादोराव उभेच राहिले नाहीत. नव्या हद्दीत त्यांची हक्काची निम्मी गावं पलीकडे पडली होती. खाणीच्या फाटकासमोर ते चहाचं टपरं घेऊन बसल्याचं ऐकू आलं. एकेकाळी अठरा हजार माणसांनी ज्यांच्या नावावर शिक्का मारला, ते आता ट्रकवाल्यांच्या कपबश्या विसळत होते. ऐंशी साल गेलं. भिंतीवरचे आकडे बघून नवी पोरं विचारायची, "डोमाबा, हे तेंदूझरी कुठं हाये?" तेंदूझरी नावाचं गाव होतंच की, चाळीस घरांचं. पण पोरं विचारायची ती तेंदूझरी कुठेच नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तुळसाला हिवतापाने धरलं. एकोडीला दिलेली लेक, निर्मला, धावत आली. नवव्या दिवशी तुळसा गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. लेकीशी बोलली, शेळीला चारा घातला का विचारलं. डोमाला काहीच म्हणाली नाही. मातीला बाया आल्या, पण उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पंचफुला आली नाही.

पंच्याऐंशीची निवडणूक झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात डोमा चिखल्याला गेला. आता जिंकून द्यायला काही उरलं नव्हतं आणि लाज राखायला घरात कोणी उरलं नव्हतं. वाटेत मोह गळत होता. बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या होत्या. डोमाने तिकडे बघितलं नाही.

यादोराव टपऱ्यासमोरच्या बाकावर बसले होते. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. डोमाने जय भीम घातला. ओळखायला त्यांना वेळ लागला.

"डोमा का रे? बस. तेरा वर्षांनं वाट सापडली."

"दादा, एक सांगाचं हाये." डोमा बसला नाही. "बाहत्तर साली बाया पातळासाठी नाई गेल्या. मी पाठवलो होतो मोहाले. दोनशेनं येता म्हणून गणित करून बसलो होतो. अस्वल खरंच आडवं आलं होतं. बायाईचा काईच गुन्हा नव्हता."

यादोरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. राग आला असता तर डोमाला बरं वाटलं असतं.

"पातळाचं खोटं, हे मले माहीत हाये," ते म्हणाले. "दुष्काळाच्या सालीच समजलं. तुही बायको आली होती."

डोमाला वाटलं, त्यांना दुसरंच कोणी आठवतंय. "तुळसा?"

"पायी आली होती, भर उन्हात. म्हणे, दादा, टोल्यातल्या बाया चोर नाईत. निर्मलाचे बाबा म्हणले होते का आधी मत टाका, मंग मोहाले जा. मीच उलटा निरोप देल्ली सगळ्याईले. माह्या लोभानं झालं. तुमचा राग माह्यावर काढा, त्याईच्यावर नका काढू." यादोराव थांबले. "बायाईले पण तिनं तेच सांगून ठेवलं होतं म्हणे."

डोमाने बाकाची कड धरली. विहिरीवर थांबणारं बोलणं, पंचफुलाचा ओढलेला पदर, सगळं एकाच वेळी त्याच्या अंगावर आलं. त्याने पाठवलेल्या बायांचा दोष तुळसाने गावातही स्वतःच्या डोक्यावर घेतला होता आणि बारा वर्षं त्याच्याच चुलीवर त्याला रांधून घातलं होतं.

"मंग तुमी काय म्हणले?" त्याने विचारलं.

"काई नाई म्हणलो. सभेत बोललो ते वापस घ्याची हिंमत नाई झाली. तोंड फिरवून आत गेलो." म्हातारा टपऱ्यातल्या माठाकडे बघत राहिला. "डोमा, आपल्याले कोणी पाणी नाई देत होतं, ते दिवस काई मी विसरलो नव्हतो. तरी ती बाई दारात उभी होती अन् मी तिले पाणी नाई इचारलं. कशी हाये ती?"

"गेली," डोमा म्हणाला. "मागच्या पावसाळ्यात."

सुलोचनाबाईंनी चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा गेरूचा डबा, काजळी आणि ब्रश घेऊन विहाराच्या मागे गेला. हिवताप खात्याच्या माणसांनी फवारणीची तारीख थेट सदुसष्टच्या ओळीवर लिहून टाकली होती. रिकामा रकाना अजून होता. त्याला त्यात लिहायचं होतं, बाहत्तर साली न पडलेली मतं, तेवीस, आणि मग सगळ्या बायांची नावं. त्याखाली, यांना डोमाने पाठवलं होतं. एवढं तरी भिंतीवर राहील. त्याने ओळ आखली आणि पहिलं नाव लिहायला ब्रश उचलला.

पंचफुला शेणाची पाटी घेऊन मागून जात होती. ती थांबली. "काय लिवून राहिला, भाऊ?"

डोमाने सांगितलं. सगळंच सांगितलं, बायांना निरोप कोणाचा होता, तुळसा काय खोटं बोलली आणि कोणासाठी बोलली. पंचफुलाने पाटी खाली ठेवली. ऐकता ऐकता तिचा चेहरा विस्कटून गेला.

"बारा वर्ष मी तिच्या हातचं पान नाई खाल्लं," ती म्हणाली. "मातीले पण नाई आली."

"म्हणून लिवतो. साऱ्याईले समजू दे."

पंचफुलाने पदराने तोंड पुसलं. "माहं नाव नको लिवू, भाऊ. नातवाईले मी सांगतलं हाये, का मी दादाले मत टाकलं होतं. बाकीच्याईनं पण आपापल्या घरी तसंच सांगतलं असन. आता कायले पुसतो ते?"

डोमाने ब्रश खाली केला. मग म्हणाला, "बरं. नाई लिवत तुमचे. एकट्या तुळसाचं लिवतो, का तिचा काई गुन्हा नव्हता, खोटं बोलली ते माह्यासाठी."

पंचफुलाने पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"ते तिले इचारा लागते," ती म्हणाली, आणि गेली.

डोमा रिकाम्या रकान्यासमोर उभा होता. डब्यातला गेरू हळूहळू सुकत चालला होता.